चादरीखालचा पाहुणा

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या टेकडीवर सकाळी कुत्री घेऊन येणाऱ्या मंडळींत एकच विषय चालतो. कुणाला कुठे खोली मिळाली आणि खोलीवाल्याला कुत्र्याचं सांगितलं की नाही. "सांगायचं कशाला? अंधार पडल्यावर पोचायचं, अंगावर चादर टाकून आत न्यायचं, सकाळी गाव उठायच्या आत फिरवून आणायचं. कळतंय कुणाला!" हा सल्ला मी कितीतरी वेळा ऐकलाय, दुसऱ्यांना दिलाय आणि एकदा स्वतः पाळलाय. तो पाळला म्हणूनच आज उलटं सांगायला बसले आहे. जिथे प्राणी आणू नका म्हटलंय, तिथे आपलं कुत्रं-मांजर लपवून नेऊ नका.

आधी आमची करणी सांगते.

बुंदी आमची कुत्री. गावठी, तांबूस, १८ किलो वजनाची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही कोकणात निघालो. समुद्राजवळचं एक लहान गाव, जुनं कौलारू घर, मागे नारळी-पोफळीचं आगर. फोनवर मालकांनी सांगितलं होतं, "कुत्रं वगैरे नाही ना बरोबर? आम्ही घेत नाही." नवरा म्हणाला, "नाही नाही." बेड्यापाशी पाटी होती, 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.' त्याखाली एक ओळ वेगळ्या रंगात, 'पाळीव प्राणी आणू नयेत.' बाकीची पाटी उन्हापावसाने फिकटलेली, ही ओळ तेवढी ताजी होती. मी ती वाचली आणि गाडीतला दिवा बंद केला.

घाटापासून आम्ही आमच्या सहा वर्षांच्या मुलाला पढवत होतो. तिथल्या काकांना बुंदीचं सांगायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. त्याला वाटलं हा खेळ आहे. रात्री साडेआठला पोचलो. मी ओटीवर काकूंना बोलण्यात गुंतवलं. पाणी कुठलं, लाइट जातात का, मासे मिळतील का. तेवढ्यात नवऱ्याने बुंदीला चादरीत गुंडाळून, झोपलेलं मूल खांद्यावर टाकावं तसं खोलीत नेलं. १८ किलोचं मूल! नंतर हसून हसून पोट दुखलं आमचं.

जेवायला बोलावलं तेव्हा तिला न्हाणीघरात बंद केलं. घरी तिला कधीच कोंडलेलं नव्हतं. अनोळखी वास, ओली फरशी, अंधार आणि दाराबाहेर आम्ही नाही. पंगतीत बसल्या बसल्या मला दारावरची खरखर ऐकू येत होती. ती झाकायला मी मोठमोठ्याने बोलत होते. सोलकढी चांगली असणार, पण मला तिची चव काही आठवत नाही.

रात्री साडेअकराला सगळं घर निजल्यावर नवरा तिला मागच्या दाराने घेऊन गेला. बॅटरी लावली नाही, उजेड दिसला असता. गडग्याच्या कडेकडेने पोफळीपर्यंत. तिथे ती अडून बसली. कान ताठ, शेपूट पायांत, पुढे यायला तयार नाही. हा तिला दबक्या आवाजात रागावला, ओढायला लागला. शेवटी तिने काहीच केलं नाही आणि दोघं परत आले.

सकाळी ओटीवर घावणे झाल्यावर काकूंनी मुलाच्या हातावर फणसपोळीचा तुकडा ठेवला. त्याने तो अर्धा मोडला, अर्धा खिशात घातला.

"खिशात कुणाला रे?"

"बुंदीला."

"बुंदी कोण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काकूंकडे. मग "कुणी नाही" म्हणाला आणि रडायला लागला. कुत्री सापडली याची लाज मला नंतर वाटली. मुलगा असा आमच्या मधे सापडला, त्याची आधी.

काका काही बोलले नाहीत. उठले, खोलीत गेले, न्हाणीघराचं दार उघडलं. दाराच्या खालच्या वीतभर भागाचा पापुद्रा सोलून निघाला होता, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. फरशीवर रक्ताच्या दोन रेघा. बुंदीचं एक नख मुळापासून तुटलं होतं, ते आम्हाला रात्रभर कळलं नव्हतं. काकांनी दाराकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि एकच विचारलं, "रात्री हिला बाहेर काढलीत काय?"

नवरा हो म्हणाला. ते खाली बसले. आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा कुत्रा बिबट्याने त्याच मागच्या पडवीतून नेला होता. बांधलेला होता. सकाळी साखळी आणि पट्टा तेवढा मिळाला. पाटीवरची ताजी ओळ त्यानंतर रंगवलेली. कुत्र्याच्या वासावर ते जनावर पुन्हा घराशी येऊ नये आणि पाहुण्याचं कुत्रं आपल्या अंगणातून जाऊ नये, एवढाच त्यांचा हिशोब. आम्ही मात्र धरून चाललो होतो की माणूस कुत्र्यांचा दुस्वास करणारा असणार.

यात अतिशयोक्ती नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात याचा अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबात त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. शेळ्या त्याच्या बऱ्याच मागे. हे घाटावरचं झालं, पण बिबट्या कोकणातही आहे. शहरातलं, पट्ट्याला सरावलेलं कुत्रं आणि त्याला मध्यरात्री बिनउजेडाचं बाहेर नेणारा माणूस, याहून सोपं भक्ष्य त्याला कुठलं मिळणार? शिवाय बघा, उघडपणे नेलं असतं तर आम्ही तिला पोचल्या पोचल्या, दिव्याच्या उजेडात, अंगणातच फिरवून आणलं असतं. त्या अंधारात ती गेली ती केवळ आम्ही लपवलं म्हणून.

म्हणून सांगते, 'नको' लिहिणाऱ्याकडे बहुतेक वेळा कारण असतं आणि ते पाटीवर मावत नाही. कुणाचा गोठा असतो, गाय नुकती व्यालेली असते आणि वासराजवळ परकं कुत्रं गेलं तर ती दोर तोडून अंगावर येते. कुणाच्या कोंबड्या मोकळ्या असतात. कुणाच्या घरात दमेकरी म्हातारी असते. काही जणांना नुसतंच आवडत नाही. तेही कारणच आहे, घर त्यांचं आहे.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या वेळास गावाचं उदाहरण घ्या. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात तिथल्या वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालून जातात आणि पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी राखायला घेतली. पहाटे किनारा पिंजून अंडी शोधायची आणि कुंपणाच्या आत नेऊन पुरायची. कुंपण कशासाठी, तर माणसांपासून, कोल्ह्यांपासून आणि कुत्र्यांपासून. आपलं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी वाळूत नाक खुपसणं आणि उकरणं हा त्याचा धर्म आहे. कासव पाहायलाच येणाऱ्या पाहुण्यांवर चालणाऱ्या गावात चादरीखाली कुत्रं घेऊन जायचं, हे मला तरी आता कल्पनेतही सहन होत नाही.

आता लपवणाऱ्यांचं लाडकं वाक्य. "आमचं कुत्रं एकदम स्वच्छ आहे, केससुद्धा गळत नाहीत." केसांचा प्रश्नच नाही. ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची. डोळ्यांना न दिसणारा हा कोंडा गादीत, उशीत, पडद्यात जाऊन बसतो. मांजराचा तर इतका चिवट की मांजर घरातून गेल्यावरही तो पुरता कमी व्हायला चार-सहा महिने लागतात. आपण रविवारी खोली झाडून, चादर झटकून, खिडक्या उघड्या ठेवून निघतो आणि मनाला सांगतो की मागे काही राहिलं नाही. सोमवारी त्याच खोलीत कुणी दमेकरी मूल घेऊन येतं. त्या आईबापांनी मुद्दाम प्राण्यांना मनाई असलेली जागा शोधलेली असते. रात्री दोनला मुलाची छाती घरघरायला लागते, जवळचा दवाखाना वीस किलोमीटरवर, आणि बिचारे मालक शपथेवर सांगत असतात की आमच्याकडे कुत्रं-मांजर येतच नाही.

गोचिडीचंही तसंच. कुत्र्यावरून गळून पडलेली एक भरलेली मादी भिंतीच्या फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते, आणि ही तपकिरी गोचीड सगळं आयुष्य घरातल्या घरात काढू शकते, तिला बाहेरच्या गवताची गरज नसते. काही आठवड्यांनी भिंतीवरून बारीक तपकिरी ठिपके चढताना दिसले की मालकाने काय करायचं? खोली बंद, फवारणी, हंगामाचे चार शनिवार-रविवार बुडाले. मोठ्या हॉटेलाला त्याचं फारसं काही वाटणार नाही. तीन खोल्यांवर वर्षाचा खर्च चालवणाऱ्या घराला वाटतं. आणि त्या कापसाच्या गाद्या धुता येत नाहीत हो, उन्हात घालून झोडपायच्या असतात. ते काम मालक करत नाहीत, गावातली एखादी बाई रोजाने येऊन करते. न्हाणीघराच्या कोपऱ्यातला वास काढायलाही तीच बसते.

आणि कुत्र्याचं काय? आपण त्याच्या प्रेमापोटी हे सगळं करतो म्हणतो. लपवलेल्या कुत्र्याचा दिवस कसा जातो ते एकदा त्याच्या जागी बसून बघा. भुंकलं की तोंड दाबायचं. कुणाची पावलं वाजली की न्हाणीघरात. जेवायला, देवळात, किनाऱ्यावर जाताना खोलीत कोंडायचं, आणि खोलीत भुंकतं म्हणून मग गाडीत. गाडीचं तर मी हात जोडून सांगते. बंद गाडी उन्हात उभी केली की पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं आणि चढतच राहतं. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड ठेवतं. कोंडलेल्या, दमट हवेत तो उपायही चालत नाही. "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेलेली माणसं मासळीबाजारात अर्धा तास भाव करत उभी असतात.

कायद्याचा दाखला देणारेही भेटतात. "सोसायटीसुद्धा कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही, मग हे कोण?" ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक खरं आहे, पण ते आपण राहतो त्या इमारतीबद्दल, तिथल्या रहिवाशांबद्दल आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याला परक्याच्या घरात कुत्रं घेऊन शिरायचा हक्क त्याने मिळत नाही. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा शिकवलेला कुत्रा ही निराळी गोष्ट आहे, आणि आपल्या सोफ्यावर लोळणारं प्रकरण त्यातलं नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

तर मग करायचं काय? फोन उचलायचा. ॲपवरच्या खुणांवर जाऊ नका, त्या कुणी कधी भरल्या असतील देव जाणे. थेट घरच्या माणसाशी बोला. बुकिंग करायच्या आधी, पैसे भरून झाल्यावर नव्हे. मी आता असं बोलते: "आमच्याकडे एक कुत्री आहे, १८ किलोची, मोठी आहे, पिल्लू नाही. रेबीजची आणि बाकीची इंजेक्शनं झालीत, पुस्तिका बरोबर असेल. तिचं अंथरूण आणि ताटली आम्ही आणतो, ती तुमच्या गादीवर चढणार नाही, आम्ही तिला खोलीत एकटी सोडून जाणार नाही. काही मोडलं तर भरून देऊ, आधी डिपॉझिट घ्या. चालेल का?" आणि मग गप्प बसते. हे शेवटचं अवघड असतं. समोरचा विचार करत असतो तेव्हा आपण अजिजी करायची नाही. तो भिडेने हो म्हणतो आणि दोन दिवस घर धुमसत राहतं.

हो म्हणाले तर पुढचं विचारा. घरात दुसरी जनावरं आहेत का, तिला कुठे फिरवायचं, किनारा चालेल का, अंधार पडल्यावर बाहेर काढलं तर चालेल का. 'पेट फ्रेंडली' या शब्दावर विसंबू नका. कुणाचा अर्थ खोलीत चालेल असा असतो, कुणाचा आवारात पिंजरा आहे असा. आणि निघायच्या आठवडाभर आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून गोचीड-पिसवांचं औषध द्या. कुत्र्याचं औषध मांजराला मात्र कधी लावू नका, काही कुत्र्यांच्या औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात जाणार असाल तर लेप्टोच्या लशीचंही विचारून घ्या, कोकणात तो आजार आहे आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो.

हे वाचताना कुणी आत्ताच एखाद्या खोलीत, दाराला कडी लावून, मांडीवर लपवलेलं मांजर घेऊन बसलं असेल, तर उठा आणि सांगून या. आजच, उद्या निघताना नव्हे. "चूक झाली, बरोबर मांजर आहे, तुम्ही म्हणाल तसं करतो." फार तर दुसरी जागा शोधावी लागेल. फरशी पुसणाऱ्या बाईला तिसऱ्या दिवशी पलंगाखाली सापडण्यापेक्षा ते परवडलं. आमच्या काकांनी आम्हाला काढलं नाही. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत बुंदी आत, दाराला आडणा, एवढी अट घातली. दाराचे पैसे आम्ही दिले, ते त्यांनी मोजून घेतले. काकू मात्र आम्ही निघेपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मुलाला फणसपोळीचं पुडकं दिलं, माझ्याकडे न बघता. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आणि 'नाही' म्हणाले तर नाही. मांजर असेल तर फार जिवाला लावून घेऊ नका, मांजराला माणसांपेक्षा घर प्यारं असतं. शेजारचं कुणीतरी दोन वेळा येऊन पाणी, खाणं आणि मातीचा ट्रे बघून गेलं तर ते मजेत राहतं. कुत्र्यासाठी बोर्डिंग बघायचं तर फोटोंवर जाऊ नका, आधी स्वतः जाऊन या. रात्री तिथे माणूस असतो का विचारा. लशींची पुस्तिका न मागता कुत्रं घेणाऱ्याकडे मुळीच ठेवू नका. तो सगळ्यांचंच तसं घेतो. सहलीच्या आधी एक रात्र ठेवून बघा. त्याहून बरं म्हणजे ओळखीचं घर, जिथे त्याचा एखादा कोपरा आधीच ठरलेला आहे.

गेल्या वर्षी मी त्याच काकांना फोन केला. नाव सांगितल्यावर थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "ओळखलं. दारवाले ना तुम्ही?" कुत्री आणू का विचारलं. म्हणाले, "नको हो. बिबट्या अजून फिरतो." आम्ही तिघंच गेलो. बुंदीला सांगलीला माझ्या आईकडे सोडलं. तिथे तिला दूध-भाकरी मिळते, दुपारी आईच्या पायाशी पंख्याखाली झोपायला मिळतं, आणि आम्ही न्यायला गेलो की ती आधी उठून आईच्या मागे जाऊन बसते.